ताळा पाहण्याची संवय

जूनच्या मध्यास आपल्या जिल्ह्यांतील शाळा पुन्हां उघडतात. नवीं पुस्तकें, नवीं दप्तरें, कोठें नव्यानें बदलून आलेले गुरुजी, ह्यांची चर्चा घरोघर चालते. ह्या दिवसांत आईबापांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें : मुलास कामाची चांगली संवय लागली पाहिजे. वाक्य चांगलें आहे. परंतु त्याचा अर्थ आपण क्वचितच तपासून पाहतों. कोणती संवय, ती कोणाच्या हातून लागलेली, आणि लावणारा दृष्टीआड झाल्यावर किती दिवस टिकणारी, ह्या निरनिराळ्या गोष्टी आहेत. आजच्या पाठांत त्यांचा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. त्यासाठीं दूरचीं उदाहरणें शोधावयास नकोत. आपलें सोलापूर शहर हेंच ह्या विषयाचें मोठें पुस्तक आहे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, १८७७ सालीं चालू झाली. पुढें लक्ष्मी, नरसिंग गिरजी व विष्णु ह्या गिरण्या निघाल्या, आणि भोंवतालच्या खेड्यांतून व तेलंगणांतून आलेलीं कुटुंबें शहरांत वसलीं. तेव्हांपासून शहराची पहांट सूर्याबरोबर न होतां भोंग्याबरोबर होऊं लागली. एका भोंग्यास चूल पेटावयाची, दुसऱ्यास भाकरी बांधून घराबाहेर पडावयाचें. घरीं घड्याळ नसलें तरी वेळ चुकत नसे. ज्या शेतकऱ्याच्या पोरानें पूर्वीं आभाळ पाहून काम केलें होतें, तो थोड्याच दिवसांत मिनिटांचा हिशेब शिकला. ही संवय लहान नव्हे, आणि तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं.

परंतु ह्या गिरणीरूपी शाळेंत प्रवेशाचें वय काय होतें तें पाहा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें सात वर्षांखालील मूल कामावर घेण्यास मनाई केली. म्हणजे सात पुरीं झालेलें मूल घेतां येत असे, आणि तें बारा वर्षांचें होईपर्यंत त्याच्याकडून दिवसास नऊ तास काम घेण्याची मोकळीक होती. हा कायदा सुधारणा म्हणून झाला होता हें लक्षांत ठेवावें. त्यापूर्वीं इतकीहि मर्यादा नव्हती. १८९१ सालीं वय नऊ झालें व तास सात झाले. १९२२ सालीं वय बारा झालें व तास सहा झाले. चौदा वर्षें ही मर्यादा १९४८ च्या कायद्यानें आली. सातावरून चौदावर येण्यास ह्या देशास सदुसष्ट वर्षें लागलीं.

पहिल्या कायद्यास एक वर्ष होतें न होतें तोंच, १८८२ सालीं, जोतीराव फुले ह्यांनीं हंटर शिक्षण आयोगापुढें निवेदन ठेविलें व निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. सरकार म्हणत होतें कीं बारा वर्षांखालच्या मुलानें नऊ तासांहून अधिक राबूं नये. आणि पुण्यांतील हे गृहस्थ, जे स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते, म्हणत होते कीं त्या मुलाची जागा शाळेंत आहे. साऱ्या देशासाठीं ही गोष्ट हक्क म्हणून कायद्यांत उतरण्यास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. त्या दिवशीं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा अमलांत आला. मध्यंतरीं १९१७ सालीं शाहू महाराजांनीं आपल्या कोल्हापूर संस्थानापुरतें मोफत व सक्तीचें शिक्षण सुरू करून दाखविलें होतें. त्यांच्याजवळ इंग्रज सरकारहून पैसा अधिक होता असें कोणी म्हणणार नाहीं.

गिरणीनें मुलास संवय लाविली नाहीं काय? अवश्य लाविली. तुटलेला धागा जोडणें, भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावणें, हीं कामें कोंवळीं बोटें चटकन शिकत. परंतु धागा कां तुटला, हें विचारणें त्या मुलाचें काम नव्हतें; तें जॉबरचें काम. हात तयार झाला, प्रश्न विचारण्याची शक्ति मात्र वापरावांचून राहिली. शिवाय ही संवय भोंग्याच्या स्वाधीन होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यानंतर सकाळीं वेळेवर उठून, आंघोळ करून, रिकाम्या हातांनीं देवळाच्या किंवा दुकानाच्या कट्ट्यावर येऊन बसलेलीं कष्टाळू माणसें आम्हीं आपल्या लहानपणीं पाहिलीं आहेत. त्यांस आळशी म्हणणारा मनुष्य अज्ञानी होय. वेतन बुडालें हा मोठा घाव होताच. पण ज्या एका कामांत तीं तरबेज होतीं त्यावांचून दुसरें काम शिकावें कसें, हें त्यांस जन्मांत कोणींहि शिकविलें नव्हतें.

सोलापूरचें दुसरें उदाहरण अधिक कडू आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें कित्येक जातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट उघडली, आणि १९११ च्या कायद्यानें ती वाट मुंबई इलाख्यापर्यंत आणिली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अशा जातींसाठीं वसाहती झाल्या. सोलापूरची वसाहत त्यांत फार मोठी गणली जाई. कैकाडी, पारधी, कंजारभाट इत्यादि लोकांस तारेच्या कुंपणांत ठेवीत, दिवसा गिरण्यांत कामास पाठवीत, आणि ठरल्या वेळीं हजेरी घेत. मुलांस शाळा सक्तीची असे. ह्या वसाहतीचा कांहीं भाग कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखालीं होता, आणि ह्या लोकांस उद्योगाची संवय लावावी हा हेतु त्या काळच्या भल्या माणसांनीं मनापासून धरिला होता.

हेतूची परीक्षा आम्ही करीत नाहीं, रीतीची करितों. जो मनुष्य कुंपणाबाहेर राहूंच शकत नाहीं तो सायंकाळीं वेळेवर परत आला, ह्यांत त्याचा कोणता सद्गुण सिद्ध झाला? हजेरी घेणाऱ्यास वाटे कीं आपण वक्तशीरपणा शिकवितों. हजेरी देणारा दुसरेंच कांहीं शिकत होता, तें हें कीं आपल्या शब्दावर कोणाचा विश्वास नाहीं. ज्याच्या शब्दावर विश्वास नाहीं त्यानें काम नीट करण्याचें कारण काय, तर केवळ शिक्षेची भीति. भीतीनें केलेलें काम भीति जातांच थांबतें. मुंबई प्रांतांत हा कायदा १९४९ सालीं रद्द झाला आणि साऱ्या देशांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं. तारा गेल्या, सेटलमेंट हें नांव शहराच्या त्या भागास अद्याप चिकटून आहे, आणि लोकांच्या मनांतील शिक्का नांवाहूनहि चिवट निघाला.

ह्याच शहरांत एक निराळा प्रयोगहि झाला, ज्याची आठवण आतां फार थोड्यांस आहे. सोलापुरांत अनेक वर्षें राहिलेले मिशनरी चार्ल्स हार्डिंग ह्यांची कन्या कुमारी मेरी हार्डिंग ह्यांनीं येथें लहान मुलांसाठीं किंडरगार्टन म्हणजे बालोद्यान शाळा चालविली व त्या कामासाठीं देशी शिक्षिका तयार केल्या. ही पद्धति फ्रेडरिक फ्रोबेल ह्या जर्मन शिक्षकाची. त्यानें १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढिली व १८४० सालीं तिला मुलांची बाग ह्या अर्थाचें नांव दिलें. लोकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, कागदाच्या घड्या हें तिचें साहित्य. आणि मुलांच्या हातचीं जीं कामें त्यानें योजिलीं त्यांत रंगीत कागदाच्या पट्ट्या एकाआड एक घालून चटई विणणें हें एक होतें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. विणकराच्या घरीं जें मूल बापासाठीं कांड्या भरितें, त्यास ह्या वर्गांत आणून बसविलें तर त्याच्या बोटांस हें काम कांहीं परकें वाटणार नाहीं. उभा धागा, आडवा धागा, तेंच आहे. भेद इतकाच कीं कागदाची चटई चुकली तर ती उसवून पुन्हां विणतां येते, तिच्यासाठीं कोणाची मजुरी कापली जात नाहीं, आणि पुढची नक्षी कोणती हें मूल स्वतः ठरवितें. मागावर ठरल्या नक्षींतून तसूभर इकडेतिकडे होतां येत नाहीं. ज्या सोलापुरी चादरीस २००५ सालीं भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, तिचीं फुलें जेकार्डच्या भोंके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उठतात. (ह्या यंत्राचीहि कथा ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समधील ल्यों शहरांत १८०४ च्या सुमारास जेकार्डनें तें सिद्ध केलें. त्यापूर्वीं नक्षीसाठीं मागावर चढून दोऱ्या ओढण्यास एक सहायक लागे, आणि तो बहुधा एखादें मूल असे. पुठ्ठ्यांनीं त्या मुलाची सुटका केली. तें मूल मागावरून उतरून शाळेंत गेलें कीं दुसऱ्या कारखान्यांत, हें ठरविणें मात्र यंत्राच्या हातीं नव्हतें.)

आतां आमच्या स्वतःच्या शाळेविषयीं थोडें. ती द्विशिक्षकी होती. चार इयत्ता, दोन गुरुजी. एकाच खोलींत तिसरी पूर्वेकडे तोंड करून बसे आणि चौथी पश्चिमेकडे. गुरुजी तिसरीस तोंडी हिशेब घालीत असतां चौथीनें फळ्यावरील गणितें गुपचूप सोडवावयाचीं, असा क्रम होता. म्हणजे दिवसाचा अर्धा वेळ आमच्याकडे गुरुजींची पाठ असे. हल्लींचे तज्ज्ञ ह्यास अडचण म्हणतात, आणि ती अडचण होतीच. शाळेस पुरेसे शिक्षक न देणाऱ्यांनीं आमच्या ह्या लेखाचा आधार घेऊं नये. पण त्या गुरुजींनीं अडचणींतून एक युक्ति काढिली होती. उत्तर आलें म्हणून वही दाखवावयास जावयाचें नाहीं. भागाकार केला असेल तर भाजकानें भागाकारास गुणावयाचें, बाकी मिळवावयाची, आणि भाज्य परत येतें कीं नाहीं तें पाहावयाचें. ह्यास ताळा म्हणतात. गणिताच्या खालीं ताळा मांडलेला नसेल तर गुरुजी वही उघडीतच नसत. आणि मांडलेला असेल तर उत्तराकडे न पाहतां आधीं ताळ्याकडे पाहत.

ह्या नियमाचा परिणाम काय होई तो सांगतों. गणित बरोबर कीं चूक हें गुरुजींच्या तोंडून कळण्याआधीं आम्हांस कळे. शेजाऱ्याचें उत्तर उतरून घेतां येई, पण त्याचा ताळा उतरून घेण्यांत कांहीं मजा नसे. तितक्या वेळांत स्वतःचें गणित होई. तपासनीस शाळेंत आले तरी आम्हीं जें रोज करीत होतों त्याहून निराळें कांहीं करावें लागलें नाहीं. भोंगा, हजेरी व ताळा ह्या तिहींत हाच भेद आहे. पहिल्या दोहोंत काम तपासणारा दुसरा आहे. तिसऱ्यांत काम करणारा तोच तपासणारा आहे.

शाळेंतील अंगमेहनतीच्या पाळ्याहि आठवतात. शनिवारीं कोळसा वाटून पानांच्या रसांत कालवून फळा काळा करावयाचा, वर्ग झाडावयाचा, माठ भरावयाचा. फळ्याच्या कामासाठीं मुलें भांडत. झाडण्याचें काम मात्र न भांडतां मुलींकडे जाई. आणि माठाच्या पाळींत कांहीं नांवें कधींच येत नसत. तीं कां येत नाहींत हें घरीं विचारल्यावर कळलें, आणि त्या दिवशीं घरीं कोणी फारसें बोललें नाहीं. शाळा कामाची संवय लाविते त्याबरोबर कोणतें काम कोणाचें हीहि संवय लाविते. जी पाळी गुरुजी वहीवर मांडितात तिच्याकडे आईबापांनीं अवश्य लक्ष द्यावें. आजहि द्यावें.

पुढें एका मोठ्या शाळेंत गेलों. तेथें वर्गास एक शिक्षक आणि शिक्षकाच्या हातीं एक छडी, अशी समृद्धि होती. पावलांचा आवाज जवळ आला कीं शांतता, दूर गेला कीं बाजार. तेथील अभ्यासाविषयीं याहून अधिक सांगण्याजोगें कांहीं नाहीं.

आमच्या गांवच्याच एका पुरुषाचें उदाहरण येथें शोभेल. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा जन्म सोलापुरांत १९१० सालीं झाला. १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, आणि बरोबरचे कांहीं सोबती परतल्यावरहि मागें राहिले. तेथें त्यांनीं चिनी भाषा शिकून घेतली, त्या भाषेंत विद्यार्थ्यांस शिकविलें, आणि रणभूमीवरील शस्त्रक्रियांच्या धांवपळींत शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहिण्याचें काम हातीं घेतलें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते वारले तेव्हां लेखन चालूच होतें. तें पुस्तक लिहा असें सांगणारा भोंगा त्या डोंगरांत कोणता वाजत होता?

कोणी म्हणेल, पाळक मंडळी हातानें काम करण्याच्या विरुद्ध दिसते. तसें मुळींच नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि कमवा व शिका ह्या तत्त्वावर हजारों गरीब मुलें शिकलीं. त्यांनीं विहिरी खणल्या, शेतें राखिलीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफावें असा विचार मांडिला. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं तर गुरें राखणाऱ्या मुलांमागें शाळाच कुरणांत नेली. ह्या तिन्ही ठिकाणीं काम होतें, घाम होता. परंतु तें काम मुलाच्या शिक्षणासाठीं होतें. मूल कामासाठीं नव्हतें. खुरपें तेंच, आणि तरी ह्या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

हा प्रश्न जुना झाला असें समजूं नये. सोलापुरांत हजारों बाया घरीं विड्या वळितात. मजुरी हजार विड्यांमागें मिळते. म्हणून हजार भरेपर्यंत उठतां येत नाहीं, आणि शाळेंतून आलेल्या मुलीच्या हातीं सहजच पान व कातर येते. २०१६ सालीं सुधारलेल्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस सर्वत्र कामावर घेण्यास बंदी केली, पण शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यांत मदत करण्याची सवलत ठेविली, धोक्याचीं कामें वगळून. कायद्याचें बारकाईचें वाचन वकिलांनीं करावें. तंबाखूची धूळ मुलाच्या छातींत जाऊं द्यावी कीं नाहीं, हें ठरविण्यास आईस वकील नको. खेड्यांत हीच गोष्ट ऊसतोडीच्या रूपानें येते. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन निघतात, मूल बैलगाडींत बसतें, आणि चार महिन्यांत जी संवय लागली होती ती उसाच्या पाचटांत हरवते.

गेल्या वर्षीं मोहोळ तालुक्यांतील एका गांवीं सभा आटोपल्यावर एक गृहस्थ आमच्याजवळ आले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, पोरगी सातवी झाली. वाचाय येतंय, सही येतीया. आता आईसंगं उसाला आली तर हाताला वळण तरी लागंल. साळंत बसून पोरं आळशी होत्यात."

त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. ज्या शाळेंत मूल दिवसभर बसून केवळ उतरवून घेतें तेथें तें आळशी होतें, हें खरें आहे. बापानें जें पाहिलें तेंच तो बोलत होता. आम्हीं वाद घातला नाहीं. त्यांनीं मुकादमाकडून किती उचल घेतली होती व गेल्या हंगामांत किती टन ऊस तोडला होता, तें विचारिलें. आंकडे तोंडपाठ होते. मुलीस वही आणावयास सांगितली. तिनें टन मांडिले, दर मांडिला, गुणाकार केला, उचल वजा केली, आणि मग कोणीं न सांगतां उलट बेरीज करून पाहिली. मुकादमानें फसविलें होतें असें कांहीं निघालें नाहीं. हिशेब बरोबर होता. परंतु आई जवळ येऊन बसली व तिनें विचारिलें कीं पुढल्या वर्षीं इतकीच उचल घेतली आणि पंधरा दिवस कोणी आजारी पडलें तर काय होईल. मुलीनें तोहि हिशेब केला. तो मात्र बरोबर येत नव्हता. कर्ज शिल्लक राहत होतें. बाप बराच वेळ त्या आंकड्याकडे पाहत बसले.

त्या सालीं त्यांनीं उचल कमी घेतली. मुलगी शेजारच्या गांवीं आठवींत जाते. ऊस लागला कीं आईबाप निघतात आणि ती आजीजवळ राहते. ज्यांच्या घरीं आजी नाहीं त्यांनीं हंगामी वसतिगृहाची सोय आपल्या शाळेंत होईल काय, हें मुख्याध्यापकांस दिवाळीच्या आधींच विचारावें. उशीर झाल्यास यादी पुढें गेलेली असते. खेड्यांतील मुलींस शाळेसाठीं एस. टी. चा पास मोफत मिळतो, त्याचा अर्जहि शाळेंतच मिळतो.